आधी नळ, मग गटार

१८५६ च्या जूनमध्ये पाऊस लांबला आणि मुंबईच्या विहिरींनी तळ दाखवला. सरकारनं शहरातली गुरं माहीमकडे हलवण्याचा हुकूम काढला. बाहेरून होड्यांत आणि आगगाडीत भरून पाणी आणलं जाऊ लागलं. ते ओतायचं कुठे, तर शहरातल्याच कोरड्या पडलेल्या विहिरींत. तिथून लोकांनी ते शेंदून न्यायचं. बोरीबंदर ते ठाणे ही गाडी सुरू होऊन तेव्हा जेमतेम तीन वर्षं झाली होती. साऱ्या देशाला जिचं अप्रूप, त्या रेल्वेवर पखालीचं काम करायची वेळ आली.

चारी बाजूंना समुद्र आणि प्यायला पाणी नाही, हे मुंबईचं रडगाणं जुनंच. धोबी तलाव, सी. पी. टँक, गोवालिया टँक, दोन टाकी ही आज वस्त्यांची आणि बसथांब्यांची नावं आहेत; तेव्हा तिथे खरोखरच तलाव होते. त्यांतले बरेचसे कुणा ना कुणा शेटजीनं पुण्यकर्म म्हणून बांधलेले किंवा दुरुस्त केलेले. सी. पी. म्हणजे कावसजी पटेल. धोबी तलावाला फ्रामजी कावसजींचं नाव मिळालं ते त्यांनी तो स्वखर्चानं सुधारला म्हणून. रयतेला पाणी पाजणं हे धनिकाचं काम, सरकारचं नव्हे, अशीच तोवरची समजूत होती. एकाच तलावात कपडे धुतले जात, गुरं उतरत आणि भिस्ती त्याच पाण्यानं पखाली भरत. उन्हाळ्यात विहिरींचं पाणी मचूळ होई आणि पखालीचा भाव चढे. बेटावरची वस्ती तोवर पाच लाखांवर गेली होती. दानधर्मावर एवढ्या माणसांची तहान भागणं शक्यच नव्हतं.

तोडगा सुचवणाऱ्यांत हेन्री कॉनिबेअर हा इंजिनिअर प्रमुख. हा माणूस तसा हरहुन्नरी. कुलाब्याच्या अफगाण चर्चचा आराखडाही त्याचाच. १८५२ मध्ये त्यानं मुंबईच्या आरोग्यस्थितीवर एक अहवाल लिहिला. तो काळ दुर्गंधीतून रोग पसरतात असं मानण्याचा होता, आणि इंग्लंडमध्ये एडविन चॅडविकच्या मंडळींनी सांडपाणी, घाण आणि मृत्यू यांचं नातं आकडेवारीनिशी मांडलं होतं. कॉनिबेअरलाही गटारांचं महत्त्व पुरेपूर ठाऊक होतं. पण १८५४ चा उन्हाळाही टंचाईचा गेला आणि सरकारनं त्याच्या कागदपत्रांतलं जे उचललं ते पाण्याचं. साल्सेट बेटावर, मुंबईपासून वीसेक किलोमीटरवर, विहार गावाजवळच्या खोऱ्यात बांध घालायचा, तिथला पाऊस अडवायचा आणि लोखंडी नळातून तो शहरात आणायचा.

१८५६ च्या सुरुवातीला काम सुरू झालं. म्हणजे त्या जूनमध्ये जेव्हा होड्यांतून पाणी येत होतं, तेव्हा तिकडे विहारला माती पडायला लागली होती. मधे सत्तावन्नचं बंड होऊन गेलं, इंग्रजांची तिजोरी आटली, पण विहारचं काम थांबलं नाही. मिठी नदीच्या उगमाकडच्या खोऱ्यात तीन बांध उभे राहिले. ३२ इंच व्यासाचे बिडाचे नळ इंग्लंडहून जहाजानं आले, आणि १८६० मध्ये विहारचं पाणी मुंबईत पोहोचलं. महापालिकेच्या आजच्या हिशेबात सांगायचं तर दिवसाला ३२ दशलक्ष लिटर. गोविंद नारायण माडगांवकरांचं ‘मुंबईचे वर्णन’ तीनच वर्षांनी, १८६३ मध्ये प्रसिद्ध झालं. त्या काळच्या माणसाला नळ म्हणजे केवढी नवलाई वाटली असेल याची कल्पना आज तोटी उघडून दात घासणाऱ्याला यायची नाही.

या नवलाईत एक साधा हिशेब राहून गेला. विहिरीवरून हंडा आणणारं घर पाणी जपून वापरतं. नळ दाराशी आला की मोरी दिवसभर वाहते. दिवसाला जे ३२ दशलक्ष लिटर शहरात येणार, ते वापरून झाल्यावर कुठेतरी जाणार. त्यासाठी काय होतं?

होता एक नाला. इंग्रजी दफ्तरांत त्याला ‘मेन ड्रेन’ म्हणत. नाव भारदस्त, पण मुळात तो देशी वस्तीच्या मधून, कामाठीपुऱ्याच्या बाजूनं, महालक्ष्मीच्या पाठीमागच्या सखल मैदानातून वरळीला लव्हग्रोव्ह इथे समुद्राला मिळणारा चर. तुकड्यातुकड्यानं तो बांधून झाकत आणला होता. त्याची खरी अडचण बांधकामाची नव्हती, जमिनीची होती. अठराव्या शतकाच्या अखेरीस हॉर्नबीच्या बांधानं महालक्ष्मी–वरळीची खाडी अडवली आणि बेटांच्या मधली दलदल कोरडी झाली. कोरडी झाली म्हणून ती उंच झाली नाही. भायखळा, कामाठीपुरा, परळपर्यंतचा हा पट्टा भरतीच्या पाण्याच्या पातळीखालीच राहिला. त्यामुळे लव्हग्रोव्हच्या तोंडाशी झडपा बसवाव्या लागल्या. भरतीला त्या मिटायच्या, नाहीतर समुद्र आत शिरणार. ओहोटीला उघडायच्या. दिवसातून दोनदा काही तास शहराचं सांडपाणी नाल्यातच तुंबून राही, गाळ खाली बसे, आणि नाला उथळ होत जाई. आषाढात मुसळधार पाऊस आणि मोठी भरती एका वेळी आली की तेच पाणी उलटं वस्तीत चढे. मुंबई पावसात का बुडते याचं उत्तर शोधायला आजही फार दूर जावं लागत नाही. या परिच्छेदातली जागांची नावं वाचली तरी पुरे.

मैल्याची व्यवस्था आणखी वेगळी होती. चाळींच्या आणि घरांच्या पाठीमागे अरुंद घरगल्ल्या असत. तिथे टोपलीचे संडास. त्या टोपल्या उचलून नेणाऱ्या कामगारांना दफ्तरांत ‘हलालखोर’ म्हटलं आहे. म्युनिसिपालिटीनं पुढे त्याच नावाचा करही बसवला. हे काम कोणत्या जातींच्या माथी मारलं गेलं होतं, ते वेगळं सांगायला नको. टोपल्या खाली होत त्याही बऱ्याचदा मेन ड्रेनमध्येच. मोरीचं पाणी त्याच घरगल्लीत सुटे, उतार नसल्यानं तिथेच मुरे. जवळपास विहीर असेल तर त्या विहिरीत झिरपे. विहारच्या आधीही हे घडत होतंच. पण तेव्हा मुरायला एवढं पाणीच नव्हतं. आता शहराखालची जमीन बारा महिने ओली राहू लागली. ज्या नळानं टंचाई मिटवली त्यानंच जमिनीत ओल भरली, हे डॉक्टरांच्या आणि इंजिनिअरांच्या हळूहळू ध्यानात येऊ लागलं.

लंडनमध्ये त्याच सुमारास नेमकं उलट घडत होतं. १८५८ च्या उन्हाळ्यात टेम्सच्या दुर्गंधीनं पार्लमेंटच्या सभासदांच्या नाकाला रुमाल लागले, आणि लगोलग जोसेफ बॅझलगेटला गटारं बांधायला पैसे मंजूर झाले. मुंबईत दुर्गंधी कामाठीपुऱ्यात होती आणि मंजुरी देणारे मलबार हिलवर राहत होते. हा माझा तर्क आहे, पण तो फार चुकीचा असेल असं वाटत नाही.

मग आली कापसाची भरभराट. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, मुंबईच्या व्यापाऱ्यांवर पैशाचा पाऊस पडला आणि माणसांचे लोंढे आले. १८६४ ची शिरगणती ८,१६,५६२ दाखवते. विहारचं पाणी येऊन चार वर्षं झाली नव्हती तोच ते कमी पडू लागलं. त्याच साली डॉ. अँड्र्यू लीथ यांनी शहराच्या आरोग्यावर अहवाल दिला. घरांची दाटी, तुंबलेल्या घरगल्ल्या, ओल्या जमिनी हे सगळं सरकारदरबारी लेखी नोंदलं गेलं. पुढच्या वर्षी, १८६५ च्या जुलैत, कापसाचा फुगा फुटला. त्याच महिन्यात नव्या कायद्यानुसार शहराला पूर्ण अधिकाराचा म्युनिसिपल कमिशनर मिळाला: आर्थर क्रॉफर्ड.

क्रॉफर्ड म्हटलं की मंडई आठवते. पण या माणसानं खरा झपाटा लावला तो घाणीविरुद्ध. डॉ. हेवलेट हे पहिले आरोग्याधिकारी त्याच्याच काळातले. मैला उचलण्याचं काम त्यानं म्युनिसिपालिटीच्या हाती घेतलं, रस्ते रुंद केले, गटारं उपसली, आणि हे सगळं करताना पैशाचा हिशेब कुणाला दिला नाही. मृत्यूचं प्रमाण घटलं, कर्ज वाढलं. १८७१ मध्ये करदात्यांनी गदारोळ केला आणि क्रॉफर्डला जावं लागलं. त्या गदारोळातून १८७२ चा कायदा आला आणि मुंबईच्या करदात्यांना आपले प्रतिनिधी निवडण्याचा हक्क मिळाला. हिंदुस्थानातल्या नागरी स्वराज्याचा उगम असा थोडासा गटारांच्या बिलात आहे. पण निवडून आलेल्या करदात्यांना कर आवडत नाहीत, आणि गटार ही अशी गोष्ट की तिच्यावर खर्च सगळ्यांचा, फायदा मात्र मुख्यतः खालच्या वस्तीतल्या भाडेकरूंचा. ज्याला मतच नव्हतं त्याचा.

त्यामुळे मलनिस्सारणाची योजना वादातच अडकली. मैला पश्चिमेला वरळीच्या समुद्रात सोडावा, की पूर्वेला बंदराच्या बाजूनं? पश्चिमेचा विरोधक म्हणे, पावसाळी वारे तो परत किनाऱ्यावर आणतील. पूर्वेचा विरोधक म्हणे, गोदीचं काय? अहवालावर अहवाल येत राहिले. म्युनिसिपालिटीचा इंजिनिअर मेजर हेक्टर टलक यानं गटारांवरही लिहिलं आणि पाण्यावरही. १८७२ च्या सुमारास त्यानं पाण्यासाठी दूरच्या खोऱ्यांकडे बोट दाखवलं, त्यांत ठाणे जिल्ह्यातलं तानसा होतं.

वाद गटारांचा चालू, पण पाण्याचं काम मात्र पुढे सरकलं. विहारच्या वरच्या अंगाला तुळशीचं खोरं. तिथला ओढा मूळचा दुसरीकडे वाहणारा; त्याला अडवून पाणी आधी विहारकडे वळवलं आणि १८७९ मध्ये तुळशीपासून शहरापर्यंत स्वतंत्र नळ आला. आणखी १८ दशलक्ष लिटर. उंचावरून येत असल्यानं हे पाणी मलबार हिलच्या बंगल्यांपर्यंतही चढू शकत होतं. पुढे मलबार हिलवर आणि भंडारवाड्याच्या टेकडीवर साठवणीचे जलाशय बांधले गेले. मलबार हिलच्या जलाशयावर बाग फुलली. हँगिंग गार्डनमध्ये भेळ खाणाऱ्या बहुतेकांना आपल्या पायांखाली दक्षिण मुंबईचं पाणी आहे याचा पत्ता नसतो.

१८७० चं दशक संपता संपता गटारांचाही निकाल लागला, आणि तो लव्हग्रोव्हच्याच बाजूनं लागला. मैल्याची वाहिनी वेगळी आणि पावसाच्या पाण्याची वेगळी, हे तत्त्व ठरलं. शहरातून लव्हग्रोव्हपर्यंत विटांची बंदिस्त मलवाहिनी बांधायला घेतली. जमीन सखल, उतार मिळेना, म्हणून शेवटी वाफेचे पंप बसवून मैला समुद्रात ढकलायचा असं ठरलं. जुना मेन ड्रेन पावसाच्या पाण्यासाठी राहिला. कागदावर सगळं नीट झालं. प्रत्यक्षात मुख्य वाहिनी झाली तरी घरोघरच्या जोडण्या व्हायच्या होत्या. त्या घरमालकानं स्वतःच्या खर्चानं करायच्या. चाळमालकाला टोपलीचा संडास स्वस्त पडत होता. जिथे जोडणी झाली नाही तिथे मोरीचं पाणी जुन्याच वाटेनं, पावसाळी नाल्यातच, जात राहिलं. मैला आणि पाऊस वेगळे ठेवायचं ते तत्त्व मुंबईत कधीच पुरतं अमलात आलं नाही.

आणि १८९२ मध्ये तानसा आलं. दगडी, अडीच किलोमीटरहून लांब धरण. व्हाइसरॉय लॉर्ड लॅन्सडाउन उद्घाटनाला आला. शहराच्या पाण्यात दिवसाला आणखी ७७ दशलक्ष लिटरांची भर पडली. विहार आणि तुळशी मिळून जेवढं, त्याच्या हे दीडपट. जंगलातून, खाड्या ओलांडून, एकाही पंपाशिवाय केवळ उतारानं हे पाणी येतं. इंजिनिअरिंगचं हे काम खरोखर देखणं आहे, ते नाकारायचं कारण नाही. पण तानसाच्या नळाची जाडी वाढली त्या मानानं खालच्या गटाराची वाढली नाही. विहारच्या वेळचीच चूक पुन्हा झाली, फक्त मोठ्या प्रमाणावर.

चार वर्षांनी, १८९६ च्या सप्टेंबरात, मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचा रोगी ओळखला. आरोग्यखात्याचा संशय लगेच गटारांवर गेला, आणि तो जाणं स्वाभाविक होतं, कारण मांडवीतली गटारं तुंबलेलीच होती. समुद्राच्या पाण्यात कार्बोलिक ॲसिड मिसळून गटारं धुतली गेली, घरं फोडून उजेड आत घेतला गेला. यानं प्लेग थांबणार नव्हता. तो उंदरांच्या पिसवांमधून पसरतो हे पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये दाखवून दिलं. गटारं धुताना उंदीर शेजारच्या घरांत पळाले असतील तर उलट अपायच झाला. लाखो माणसं शहर सोडून कोकणात, देशावर, गुजरातेत गेली. १९०१ च्या शिरगणतीत मुंबईची संख्या ७,७६,००६ भरली, म्हणजे १८९१ पेक्षा कमी. मात्र त्या धक्क्यातून एक झालं. १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला, नागपाड्यात दाट वस्त्या पाडून रस्ते आणि गटारं आखली गेली, सँडहर्स्ट रोड आणि प्रिन्सेस स्ट्रीट उघडले. गटाराकडे सरकारचं लक्ष वेधायला मरी यावी लागली. ज्यांची घरं पाडली ते कुठे गेले याची चौकशी फारशी कुणी केली नाही. बहुतेक शेजारच्या चाळीत आणखी दाटीनं राहिले.

विहिरींचा शेवटही याच काळातला. १९११ मध्ये डॉ. चार्ल्स बेंटली यांनी मुंबईच्या हिवतापाचं मूळ विहिरींत वाढणाऱ्या डासांत दाखवलं, आणि म्युनिसिपालिटीनं विहिरी बुजवण्याचा किंवा झाकण्याचा सपाटा लावला. हिंदूंनी आणि पारशांनी धर्माचं कारण सांगून विरोध केला. काही विहिरींवर जाळीचं झाकण आणि पाणी काढायला लहानसं दार अशी तडजोड झाली. तलावही एकेक करून भरले गेले. हिवताप कमी झाला, हे खरं. पण त्याबरोबर शहराचा पाण्याचा दुसरा आधारही गेला. यापुढे मुंबईला पाणी म्हणजे फक्त नळ, आणि नळ म्हणजे दूरचं धरण.

पुढची हकिकत लवकर सांगता येते, कारण ती तीच आहे. तानसाची क्षमता १९४८ पर्यंत टप्प्याटप्प्यानं वाढवली. मग वैतरणा नदीवर धरण झालं, १९५७ मध्ये. शहराचे इंजिनिअर नारायण विष्णू मोडक यांच्या नावानं तो जलाशय आज मोडकसागर म्हणून ओळखला जातो. १९७३ मध्ये अप्पर वैतरणा. १९८० च्या दशकापासून भातसाचं पाणी टप्प्याटप्प्यानं. भांडुपला देशातलं एक सर्वांत मोठं शुद्धीकरण केंद्र. २०१४ मध्ये मध्य वैतरणा, शंभर मीटरहून उंच धरण आणि ४५५ दशलक्ष लिटर. विहारच्या ३२ वरून शहर आता रोज ३,८५० दशलक्ष लिटरांच्या घरात पोहोचलं आहे. आणि ज्या शहापूर तालुक्यात तानसा आणि भातसा आहेत, त्याच तालुक्यातले पाडे दर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. मुंबईच्या पाण्याचा कुठलाही इतिहास हे वाक्य गाळून पुरा होत नाही.

गटारांच्या बाजूला मात्र एकोणिसाव्या शतकाच्या विटा विसाव्या शतकभर तशाच राहिल्या. शहर उत्तरेला बोरिवली–मुलुंडपर्यंत पसरलं, मिठी नदीचं पात्र भराव आणि वस्तीनं आवळलं, पण दक्षिणेतली जुनी पर्जन्यवाहिन्यांची रचना तासाला २५ मिलिमीटर पावसाची, तीही ओहोटी असेल तरच. १९८५ च्या पुरानंतर महापालिकेनं सल्लागार नेमले. १९९३ मध्ये त्यांचा अहवाल आला. ब्रिमस्टोवॅड हे त्याचं नाव. क्षमता तासाला ५० मिलिमीटर करायची, समुद्राच्या तोंडाशी पंप बसवायचे. खर्च सुमारे ६०० कोटी. अहवाल बारा वर्षं पडून राहिला.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्या दिवशी मुंबईत असलेल्या प्रत्येकाजवळ एक गोष्ट आहे, ती इथे सांगत बसत नाही. नंतर जलतज्ज्ञ माधव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती बसली, आणि ब्रिमस्टोवॅडचा कागद पुन्हा बाहेर आला. २००७ मध्ये केंद्रानं १,२०० कोटी मंजूर केले, तोवर खरा खर्च त्याच्याही पुढे पळाला होता. मग एकेक उदंचन केंद्र झालं: हाजी अली, इर्ला, क्लीव्हलँड बंदर, ब्रिटानिया, गझदरबंध. २०१५ मध्ये लव्हग्रोव्हलाही. एकोणिसाव्या शतकात इथे झडपा होत्या. त्या भरतीला मिटत आणि सांडपाणी आत अडकत असे. आता भरतीलाही पंप पाणी बाहेर फेकतात. दीडशे वर्षांपूर्वीचा प्रश्न त्याच जागेवर, अधिक ताकदीनं, सोडवण्याचा हा प्रयत्न. पण २९ ऑगस्ट २०१७ च्या पावसात एक डॉक्टर प्रभादेवीजवळ पाण्याखाली दडलेल्या उघड्या मॅनहोलमध्ये पडले. त्यांचा मृतदेह दोन दिवसांनी वरळीला सापडला.

मैल्याचं काय? तो १९९९ पासून वरळीला आणि २००३ पासून वांद्र्याला समुद्राखालून साडेतीन किलोमीटरच्या आसपास लांब पातमुखांतून खोल पाण्यात सोडला जातो. जागतिक बँकेच्या कर्जातून झालेलं हे काम. किनाऱ्यावरची घाण काहीशी दूर गेली. शुद्ध झाली असं नाही. बराचसा मैला फक्त चाळून सोडला जात होता. आणि वाहिन्या साफ करण्याचं काम? कायदा २०१३ चा, माणसाला संरक्षक साधनांशिवाय गटारात उतरवण्याला बंदी. तरी गटारात गुदमरून कामगार मेल्याच्या बातम्या मुंबई-ठाण्यातून येत राहतात. टोपली गेली, माणसं तीच राहिली.

जुन्या नळांची गोष्ट आणखी गुंतागुंतीची आहे. मुंबईत पाणी चोवीस तास येत नाही. ठरावीक तासांना, ठरावीक भागांत, चावीवाले झडपा फिरवतात आणि त्या गल्लीत पाणी सुटतं. वॉर्डातल्या जाणत्या चावीवाल्याला नकाशात नसलेले नळही ठाऊक असतात. पाणी बंद झालं की नळ रिकामा होतो, आत पोकळी तयार होते, आणि शेजारून गेलेल्या फुटक्या गटारातलं पाणी सांध्यातून आत ओढलं जातं. विहिरी बुजवल्या तरी घरगल्लीचं पाणी पुन्हा प्यायच्या पाण्यात यायची वाट अशी सापडली. २०१४ च्या सुमारास मुलुंडला आणि वांद्रे–खारला चोवीस तास पुरवठ्याचा प्रयोग सुरू झाला. पुरवठ्याची वेळ काहीशी वाढली, पण सबंध विभागात चोवीस तास काही झालं नाही. शहरात येणाऱ्या पाण्याचा चौथा हिस्सा किंवा त्याहूनही अधिक गळती आणि चोरीत जातो, हे महापालिकेच्याच अंदाजांतून दिसतं. म्हणजे एका मध्य वैतरणेहून जास्त पाणी शहराच्या पोटातच हरवतं. पण गळती बुजवण्याला फीत कापायची नसते.

तानसाच्या मोठ्या नळांच्या कडेला कित्येक पिढ्यांची वस्ती होती. उच्च न्यायालयाच्या आदेशानं नळाच्या दोन्ही बाजूंची १० मीटर जागा मोकळी करायला २०१० नंतर हजारो घरं पाडली. त्यांतली कित्येक कुटुंबं माहूलला, तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या धुराखाली पाठवली गेली. तिथली हवा राहण्याजोगी नाही, असं शेवटी न्यायालयालाच म्हणावं लागलं. २०१४ च्या डिसेंबरात याच न्यायालयानं म्हटलं होतं, की झोपडी अनधिकृत आहे म्हणून माणसाचं पाणी तोडता येत नाही. पाणी हक्क समितीनं त्यासाठी बरीच वर्षं झगडा दिला. ज्यांच्या डोक्यावरून तानसाचं पाणी शंभर वर्षं गेलं, त्यांना ते मिळवायला कोर्टात जावं लागलं.

मलबार हिलचा जलाशय पाडून नवा बांधायचा, असं महापालिकेनं ठरवलं, तेव्हा नागरिकांनी विरोध केला. झाडं जाणार, बाग जाणार. तज्ज्ञांची समिती बसली, आत उतरून पाहणी झाली, आणि समितीतल्या बहुसंख्यांनी दुरुस्तीनं भागेल असा कौल दिला. २०२४ मध्ये पाडण्याचा बेत मागे पडला. १४० वर्षांपूर्वीची दगडी कमान अजून टिकून आहे, आणि एकदा तरी या शहरानं नवं उभारण्याऐवजी जुनं सांभाळायचं ठरवलं, हे मला महत्त्वाचं वाटतं. तिकडे वाडा तालुक्यात गारगाई धरणाची तयारी चालू आहे: ४४० दशलक्ष लिटर.

आणि २०२३ च्या जानेवारीत सात सांडपाणी प्रक्रिया केंद्रांचं भूमिपूजन झालं. वरळी, वांद्रे, धारावी, वर्सोवा, मालाड, भांडुप आणि घाटकोपर; सगळी मिळून दिवसाला २,४६४ दशलक्ष लिटर. वरळीच्या केंद्राचा वाटा ५००, म्हणजे सातांत सर्वांत मोठा. प्रक्रिया केलेल्या पाण्यातलं काही पुन्हा वापरात आणायचा बेत आहे. विहारचं पहिलं पाणी शहरात आलं त्याला तेव्हा १६३ वर्षं होऊन गेली होती.